कंठरक्षणाचा विवेक

शस्त्रवैद्यकाच्या इतिहासात ‘जीव राखावयाचा तर अवयवावर पाणी सोडावे लागते’ हा न्याय इतका रूढ झालेला आहे की, त्याची कैफियत मागण्याचे धैर्य रोग्याला क्वचितच होते. आणि सडलेला पाय कापल्यामुळे माणूस वाचला हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसमोर असल्यामुळे त्या न्यायाला लोकमताचाही आधार मिळत आलेला आहे. स्वरयंत्राच्या कर्करोगात मात्र तो लावताना वैद्याचाही हात अडखळतो. कारण ज्या अवयवाने रोगी होकार किंवा नकार उच्चारतो, तोच अवयव देऊन टाकण्याविषयी त्याचा होकार येथे मागावयाचा असतो. त्यामुळे हा प्रश्न ‘वाणी की प्राण’ अशा द्वंद्वाच्या रूपात मांडण्याची सवय पडली आहे, आणि एकदा तो तसा मांडला म्हणजे उत्तर आधीच ठरून जाते : प्राण राहू देत, बाकीचे पुढे पाहू. माझे प्रतिपादन असे की, रोग प्रारंभावस्थेत असताना हे द्वंद्वच मुळात खोटे असते. पुढे ते खरे होते, पण त्याचे कारण रोगाच्या स्वभावापेक्षा आपण दवडलेल्या काळात अधिक असते. हे मान्य केले, तर स्वरयंत्र राखणे ही शस्त्रवैद्याची मेहेरबानी राहत नाही. जिची रीतसर तजवीज करता येईल अशी ती सार्वजनिक जबाबदारी होते.

या अवयवाचे मोल केवळ बोलण्यावरून ठरविणे ही पहिली गफलत होय. व्हिक्टर नेगस या लंडनच्या शस्त्रवैद्याने नाना प्राण्यांच्या कंठांची तुलना करून १९२९ साली जो ग्रंथ सिद्ध केला, त्याचा निष्कर्ष असा की, स्वरयंत्र हे मूलतः फुप्फुसांच्या दारावरील राखणदार म्हणून उत्पन्न झाले आणि ध्वनी हे त्याला मागाहून मिळालेले काम आहे. घास किंवा घोट श्वासमार्गात उतरू न देणे, उतरलाच तर खोकून बाहेर काढणे आणि ओझे उचलताना छातीत हवा कोंडून धडाला बळकटी देणे, ही कामे मुक्या माणसाचे स्वरयंत्रही अहोरात्र करीत असते. संपूर्ण स्वरयंत्र काढले म्हणजे श्वासनलिकेचे तोंड गळ्याच्या पायथ्याशी कातडीला शिवून तेथे कायमचे छिद्र ठेवावे लागते. श्वास नाकातून जाईनासा होतो आणि त्याबरोबर गंधज्ञान बहुतांशी लोपते. हवा गाळून, ऊबदार व ओलसर होऊन आत जाण्याऐवजी धुळीसकट थेट फुप्फुसांत शिरते. पाण्यात उतरणे धोक्याचे होते आणि साधे स्नानही जपून करावे लागते. हमालाची पाठ, स्वयंपाक करणारीचे नाक, विहिरीत पोहणाऱ्या शेतकऱ्याचे धाडस, या सगळ्यांना या एका शस्त्रक्रियेने धक्का बसतो. कंठरक्षण म्हणजे गवयांची व वक्त्यांची चैन, हा समज त्यामुळे टिकत नाही.

जिवंत माणसाचे स्वरतंतू हलताना पाहण्याची युक्ती वैद्यकाला मिळाली ती संगीताकडून. मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ साली पॅरिसमध्ये दंतवैद्याचा लहानसा आरसा आपल्याच पडजिभेशी धरून, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश टाकून, स्वतःचा कंठ पाहिला आणि पुढच्याच वर्षी त्याचे निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले गेले. त्यानंतर दोन दशकांच्या आत, ३१ डिसेंबर १८७३ रोजी, व्हिएन्नामध्ये थिओडोर बिलरोथ या शस्त्रवैद्याने कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. त्याचा सहायक गुसेनबावर याने त्या रोग्यासाठी कृत्रिम स्वरयंत्रही घडविले. परंतु काही महिन्यांतच रोग उलटून रोगी दगावला. म्हणजे अवयव काढण्याची विद्या आणि त्याचे काम अन्य मार्गाने चालू ठेवण्याची चिंता, या दोन्ही गोष्टी जुळ्या भावंडांसारख्या एकाच वेळी जन्माला आल्या होत्या, हे विसरता कामा नये.

पण या प्रश्नाचा खरा खटला उभा राहिला तो जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याच्या आजारात. १८८७ च्या आरंभी त्याचा आवाज घोगरा झाला. बर्लिनच्या गेरहार्ट या वैद्याने स्वरतंतूवरील लहानशी वाढ तारेने व डागण्या देऊन काढण्याचा प्रयत्न केला, पण ती हटेना. तेव्हा बर्गमान या नामांकित शस्त्रवैद्याने बाहेरून कंठ उघडून ती समूळ काढावी असा सल्ला दिला. मे महिन्यात शस्त्रक्रियेची तयारी झाली असतानाच लंडनहून मोरेल मॅकेन्झी हा कंठवैद्य दाखल झाला. आधी तुकडा काढून तपासल्याविना शस्त्र लावू नये, असा आग्रह त्याने धरला. आणि ते तुकडे ज्याच्याकडे गेले त्या रुडॉल्फ फिर्खोला, म्हणजे त्या युगाच्या सर्वश्रेष्ठ विकृतिशास्त्रज्ञाला, त्यांत कर्करोग दिसला नाही. शस्त्रक्रिया रहित झाली आणि जून महिन्यात युवराज व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवास जाऊन आला. नोव्हेंबरात सान रेमो येथे कर्करोगाविषयी संशय उरला नाही. स्वरयंत्र काढून टाकण्यास रोग्याने नकार दिला. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावे लागले. आणि मार्चमध्ये बापाच्या मृत्यूनंतर जो बादशहा सिंहासनावर बसला, तो कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून राज्यकारभाराचे हुकूम देत होता. नव्व्याण्णव दिवसांनी, १५ जून १८८८ रोजी, तो निवर्तला. आणि दोन्ही देशांच्या वैद्यांनी एकमेकांवर जी चिखलफेक केली तिचे पडसाद पुढे अनेक वर्षे उमटत राहिले.

या प्रकरणाचा फैसला करताना लोक सहसा एक पक्ष घेतात : बर्गमानचे ऐकले असते तर बादशहा जगला असता, अथवा मॅकेन्झीमुळे त्याला निदान वर्षभर शस्त्राच्या यातनांवाचून राहता आले. मला दोन्ही निर्णय अपुरे वाटतात. त्या काळी कंठावरील मोठ्या शस्त्रक्रियेत रक्तस्रावाने, जंतुदोषाने वा फुप्फुसदाहाने रोगी टेबलावर नाही तर खाटेवर मरण्याचा संभव फार मोठा होता, तेव्हा पुराव्याविना शस्त्र न लावण्याचा मॅकेन्झीचा आग्रह तत्त्वतः योग्यच होता. परंतु पृष्ठभागाच्या एखाद्या कणात रोग सापडला नाही म्हणून तो आत नाही, असा अर्थ काढणे हे पुराव्याच्या नियमांना धरून नव्हते, आणि वाढ मागे हटत नाही हे दिसत असताना त्या दाखल्यावर महिनेच्या महिने विसंबणे हा खरा प्रमाद होता. मुख्य गोष्ट अशी की, फ्रेडरिकपुढचे द्वंद्व खरे होते, कारण त्याच्या वैद्यांजवळ शस्त्र आणि प्रतीक्षा यांवाचून तिसरा उपाय नव्हता. आजच्या रोग्यापुढे ते द्वंद्व ठेवले जात असेल, तर आधी विचारले पाहिजे की, तिसरा उपाय त्याच्या हातून केव्हा निसटला.

कंठ राखूनच रोग हटविण्याचा हा तिसरा उपाय ज्यावर उभा आहे ती गोष्ट शरीररचनेतच आहे. खऱ्या स्वरतंतूंच्या कडेला लसवाहिन्यांचे जाळे अत्यंत विरळ असते. त्यामुळे तेथे उगवलेला कर्करोग बराच काळ आपल्या जागीच राहतो आणि मानेतल्या गाठींपर्यंत क्वचितच पोहोचतो. शिवाय तंतूच्या काठावर किंचित खडबडीतपणा आला तरी आवाज बदलतो, म्हणजे रोग स्वतःच्या आगमनाची वर्दी फार लवकर देतो. तंतूंच्या वरच्या भागात उगवणाऱ्या कर्करोगाची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे लसवाहिन्या विपुल, लक्षणे मात्र मोघम : गिळताना किंचित टोचणे, कानात कळ येणे, घशात काही अडकल्याचा भास. म्हणूनच तंतूवरील प्रारंभीचा कर्करोग हा कर्करोगांच्या कुळातला सर्वांत साध्य रोगांपैकी एक मानला जातो.

त्यावर किरणांचा मार्ग प्रथम प्रशस्त केला तो पॅरिसच्या रेडियम संस्थेने. एकदम मोठी मात्रा देण्याऐवजी ती अनेक दिवसांच्या लहान लहान हप्त्यांत विभागली, तर रोगग्रस्त पेशी मरतात आणि निरोगी पेशींना सावरण्यास अवधी मिळतो, हे क्लोद रेगो याने प्रयोगांनी दाखविले. आणि त्याचा सहकारी आँरी कुतार याने ते तत्त्व स्वरयंत्राच्या कर्करोगाला लावून १९२२ साली बरे झालेले रोगी वैद्यसभेपुढे सादर केले. आजही आठवड्यातून पाच दिवस, चार ते सात आठवडे, अशाच हप्त्यांनी किरणोपचार दिला जातो. दुसरा मार्ग लेझरचा : १९७२ साली बोस्टनमध्ये स्ट्राँग आणि जाको यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर सूक्ष्मदर्शकाला जोडून, तोंडावाटे, बाहेर एकही छेद न घेता, स्वरतंतूवरील वाढ काढण्याची रीत घालून दिली. रोग तंतूपुरता मर्यादित असेल तर या दोहोंपैकी कोणत्याही मार्गाने १०० पैकी सुमारे ८५ ते ९५ रोग्यांत तो त्या जागी कायमचा आटोक्यात येतो. आणि उरलेल्यांपैकी अनेकांना पुढची शस्त्रक्रिया वाचविते. येथे वाणी राखण्यासाठी प्राण पणाला लावावे लागत नाहीत. जो उपाय प्राण वाचवितो, तोच वाणीही वाचवितो.

मग दोहोंत निवड कशी करावी? येथे विवेकाची कसोटी लागते, कारण हा निवाडा एका दिवसाचा नसून रोग्याच्या उरलेल्या साऱ्या आयुष्याचा असतो. लेझर पुन्हा वापरता येतो आणि तो फसला तरी किरण शिल्लक राहतात. किरणांची पूर्ण मात्रा मात्र त्या जागी सहसा एकदाच देता येते, आणि ती फसली म्हणजे बहुधा, नेहमीच नव्हे, संपूर्ण स्वरयंत्र देण्याची पाळी येते. ही मुद्दल राखून ठेवण्याची दृष्टी तरुण रोग्याच्या बाबतीत विशेष महत्त्वाची, कारण त्याच्यापुढे अजून अनेक वर्षे आहेत. याच्या उलट, वाढ तंतूच्या आत खोल गेली असेल किंवा दोन तंतू समोर जेथे मिळतात त्या कोपऱ्यात असेल, तर लेझरने खोलवर काढलेला तुकडा आवाज कायमचा फाटका करू शकतो. तेथे किरण अधिक दयाळू ठरतात. शाळेतल्या शिक्षकाला आवाजाची गुणवत्ता प्रिय असेल, तर रोजमजुरीवर जगणाऱ्याला सहा आठवड्यांचा बुडालेला रोज सलत असेल. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या आसपास, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अथवा नाना पालकर स्मृती समितीच्या निवासात, ज्यांनी किरणोपचारांचे आठवडे मोजून काढले आहेत अशा वऱ्हाडातल्या व मराठवाड्यातल्या कुटुंबांना हे सांगावे लागत नाही की, उपचाराची निवड ही पेरणीची, मुलांच्या परीक्षांची आणि सावकाराच्या मुदतीचीही निवड असते. या बाबी वैद्यकाबाहेरच्या आहेत म्हणून दूर सारणारा वैद्य अर्ध्याच रोग्याला तपासतो.

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घेतला पाहिजे. अवयव राखण्याच्या मोहात प्राण गमावले जात नाहीत कशावरून? पुढे गेलेल्या रोगाच्या बाबतीत अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी ३३२ रोग्यांवर केलेला अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाचे स्वरयंत्र काढून पुढे किरण दिले, तर दुसऱ्याला आधी केमोथेरपी व मग किरण दिले. दोन वर्षांनी दोन्ही गटांत शेकडा ६८ रोगी जिवंत होते, आणि दुसऱ्या गटातील शेकडा ६४ जणांचे स्वरयंत्र शाबूत होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात केमोथेरपी व किरण एकाच वेळी दिल्यास दोन वर्षांनी शेकडा ८८ जणांचे स्वरयंत्र राखता आले, केवळ किरणांनी शेकडा ७०. हे आकडे उत्साहवर्धक आहेत. परंतु २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदींवरून असेही दिसून आले की, ज्या काळात शस्त्राऐवजी अन्य उपचार वाढत गेले, त्याच काळात तेथे स्वरयंत्राच्या कर्करोगातील जगण्याचे प्रमाण घसरले. या घसरणीचे कारण तेच होते काय, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही. कूर्चा फोडून बाहेर पडलेल्या रोगात स्वरयंत्र काढणे हाच अजूनही बहुधा योग्य मार्ग आहे. जागेवर राहिलेले परंतु ताठरलेले, प्रत्येक घोटाला ठसका लावणारे आणि अन्न फुप्फुसांत सोडणारे स्वरयंत्र हे राखलेले स्वरयंत्र म्हणता येणार नाही. दफ्तरी त्याची नोंद झाली एवढेच. राखावयाचे असते ते काम, नुसता अवयव नव्हे.

हा आक्षेप माझ्या प्रतिपादनाला छेद देत नाही, उलट त्याची मर्यादा आखून देतो. ओढाताण आहे ती पुढे गेलेल्या रोगात. आणि तेथेही ती सोडविण्याचा अखत्यार कोणाचा, हा प्रश्न उरतोच. मॅकनील, वाइक्सेलबाउम आणि पॉकर यांनी १९८१ साली अमेरिकेत काही निरोगी अग्निशामक जवानांना व व्यवसायातील अधिकाऱ्यांना विचारले की, आवाज राखण्यासाठी आयुष्याचा काही संभव सोडाल काय. तेव्हा पाचांपैकी एकाच्या सुमारास लोकांनी, शस्त्राने जगण्याचा संभव अधिक असतानाही, किरण पसंत केले. हे लोक रोगी नव्हते आणि आजारपणात माणसाचे मोजमाप पालटते, हे खरे; तरीही एवढे सिद्ध झाले की, जगण्याची वर्षे आणि जगण्याचा प्रकार यांचा हिशेब प्रत्येकाच्या वहीत निराळा मांडलेला असतो. आपल्याकडे मात्र ती वही रोग्याच्या हाती क्वचितच दिली जाते. ‘आबांना काही सांगू नका, त्यांना धक्का बसेल’ असे दवाखान्याच्या व्हरांड्यात वैद्याच्या कानी घालणारे मुलगे व जावई प्रेमापोटीच बोलत असतात. पण ज्याचा कंठ जावयाचा आहे त्यालाच वगळून केलेला निर्णय प्रेमाने शुद्ध होत नाही. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आलेला वृद्ध ज्या क्षणी बोलू पाहतो आणि आवाज फुटत नाही, त्या क्षणी त्याच्यापासून लपविलेली गोष्ट त्याला अधिक क्रूरपणे कळते, आणि त्याबद्दल जाब विचारावयाला तर आवाजच उरलेला नसतो.

आता काळाच्या प्रश्नाकडे वळू. आवाज बसला की आपल्या घरांत ज्येष्ठमध, खडीसाखर आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू होतात. सर्दीने बसलेला कंठ त्यांनी किंवा त्यांच्याविनाही आठ-दहा दिवसांत सुटतो, म्हणून त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. कारण आहे ते त्यानंतरच्या महिन्यांना. विडी ओढणाऱ्या माणसाचा आवाज घोगराच असावयाचा, अशी समजूत करून घेऊन घरचे गप्प बसतात. गल्लीतला डॉक्टर कंठात न पाहताच गोळ्यांचा एक कोर्स, मग दुसरा कोर्स लिहून देतो. आणि तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला आवाजातील बदल दुर्बिणीने तपासलाच पाहिजे, हा वैद्यकातला साधा नियम तालुक्याच्या वेशीबाहेरच अडकून पडतो. तंबाखूचा या रोगाशी असलेला संबंध आपल्याला बाहेरून शिकावा लागला अशातला भाग नाही. तोंडाचा कर्करोग व तंबाखू यांचे नाते डॉ. वसंत खानोलकर यांनी मुंबईत फार पूर्वी अभ्यासले होते, आणि १९७१ साली जसावाला व देशपांडे यांनी मुंबईतील रोग्यांच्याच आधारे तंबाखू चघळणाऱ्यांच्या व विडी ओढणाऱ्यांच्या जोखमीचे जे मोजमाप केले, त्यात स्वरयंत्राचाही समावेश होता. किरणोपचार चालू असताना धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांत उपचाराचा गुण कमी येतो, हेही पुढे दिसून आले. ज्ञान होते, उपाय होते; मधला दुवा मात्र तुटलेला राहिला.

एक गोष्ट येथेच स्पष्ट केली पाहिजे, नाही तर कंठरक्षणाचा पुरस्कार हा ज्यांचा कंठ गेला त्यांच्यावर अन्याय ठरेल. स्वरयंत्र काढावे लागले म्हणजे माणूस हरला, असा अर्थ कोणी काढू नये. १९६६ साली स्वरयंत्र गमावलेला इंग्रज नट जॅक हॉकिन्स पुढेही चित्रपटांत कामे करीत राहिला. त्याचे संवाद दुसरे नट बोलत. अन्ननलिकेतून हवा उलट सोडून बोलण्याची विद्या अनेकांनी कष्टाने साध्य केली आहे. ब्लॉम व सिंगर यांनी १९८० च्या सुमारास श्वासनलिका व अन्ननलिका यांच्या मधल्या पडद्यात बसविण्याची लहानशी झडप प्रचारात आणल्यापासून पुष्कळांना ऐकू जाईल असे बोलता येते. आणि परदेशी झडपेची किंमत झेपत नाही हे पाहून बंगळूरचे शस्त्रवैद्य विशाल राव यांनी अत्यंत अल्प किमतीची देशी झडप तयार करविली. परंतु ही सारी साधने मिळविण्यासाठीही शिकविणारा माणूस, वारंवार करावयाच्या खेपा आणि झडप बदलण्याचा खर्च लागतो. आणि शस्त्रक्रियेचा खर्च देणाऱ्या व्यवस्थेने त्यानंतरच्या वाणीचा खर्च आपल्या खात्यात धरला नाही, तर तिने काम अर्धवट सोडले असे म्हणावे लागेल.

महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे, रोग ठरल्यानंतर, गरीब माणसालाही शस्त्र व किरण यांचा खर्च पुष्कळसा झेपतो, ही समाधानाची बाब आहे. परंतु प्रारंभीच्या रोगाचे भवितव्य ठरते ते रोग ठरण्यापूर्वीच्या आठवड्यांत, आणि त्या आठवड्यांसाठी आपल्या कारभारात स्वतंत्र लेखाशीर्ष नाही. जिल्ह्याच्या व मोठ्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत कंठ पाहण्याची दुर्बीण असावी, ती वापरणारा कान-नाक-घसा तज्ज्ञ ठराविक वारी हजर असावा, आणि तीन आठवडे आवाज बसलेल्या प्रत्येक माणसाला त्याच्याकडे पाठविण्याची सक्ती गल्लीतल्या डॉक्टरापासून आशा कार्यकर्तीपर्यंत सर्वांवर असावी, एवढीच मागणी आहे; तिला लागणारा पैसा एका अद्ययावत किरणयंत्राच्या किमतीच्या मानाने क्षुल्लक आहे. गार्सियाला ज्यासाठी दोन आरसे आणि ऊन पुरले, ते पाहण्याला आपण अजूनही शहराची वाट धरावयास लावतो. मुंबईतील उत्तमोत्तम लेझर आणि अत्यंत निष्णात हात यांच्यापुढे जोवर उशिरा आलेलेच रोगी बसतील, तोवर ‘वाणी की प्राण’ हा प्रश्न त्यांना विचारला जाईल, आणि ते काय निवडतात याला आपण त्यांचे स्वातंत्र्य म्हणू. वास्तविक ती निवड, त्यांना विचारल्यावाचून, इतरांनी कितीतरी आधीच करून टाकलेली असेल.